लगीनसराई आणि नाकाची शस्त्रक्रिया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लगीनसराई जवळ आली की सोलापुरातही ‘नाक जरा वर करून घेऊ’ अशी चौकशी सुरू होते. कोरियन चित्रफिती पाहून काहींना पापणीला घडी हवी असते. ती आपल्यापैकी बहुतेकांना जन्मतःच असते, तेव्हा तो विषय तिथेच संपतो.

नाकाचं तसं नाही. कोरियात नाकाच्या बसक्या दांड्यावर सिलिकॉनची पट्टी बसवतात. ती मोठी घेतली किंवा शेंड्यापर्यंत नेली की कातडीवर ताण येतो, शेंडा लाल होतो आणि कातडी पातळ होऊन पट्टी बाहेर डोकावते. शेंड्याला स्वतःच्या कानाची किंवा नाकातल्या पडद्याची कूर्चा (लवचीक, मऊ हाडासारखा भाग) बरी. बरगडीची कूर्चा उंची देते, पण पुढे वाकू शकते.

‘बिनटाक्याचं’ फिलर, म्हणजे उंचीसाठी सुईने कातडीखाली भरायचं द्रव्य, रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरोनिक आम्लाच्या फिलरवर उतारा म्हणजे ते विरघळवणारं हायल्युरोनिडेज. तो हाताशी आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारा. पार्लरमध्ये तर टोचून घेऊच नये.

मिश्री, तंबाखू, सिगारेट किमान 4 आठवडे आधी बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. नाकावरचा साचा साधारण 7 दिवस, चष्म्याचा भार 4 ते 6 आठवडे नको. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला मात्र वर्ष लागतं. हळदीच्या 15 दिवस आधी टेबलावर झोपणाऱ्यांनी फोटोग्राफरला तसं सांगून ठेवावं.

– एक वाचक, सोलापूर