ओकचे फ्लोअरिंग घेताय? आधी पावसाळ्याचे विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली ओक फ्लोअरिंगच्या जाहिराती बऱ्याच दिसतात. रंग, फळीची लांबी, चौरस फुटाचा दर सगळे ठळक असते. वरचा ओकचा थर किती मिलिमीटरचा, तेवढे मात्र शोधून सापडत नाही. मी गोव्यातला, फोंड्याकडचा मेस्त, सुतारकाम घरातलेच. आसगाव, शिवोलीकडच्या बंगल्यांत ही कामे करतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

ओक वाईट लाकूड नव्हे. व्हाइट ओक सागवानाहून कठीण, खुर्च्या ओढल्या तरी पटकन खळगे पडत नाहीत, आणि रेषा तर देखण्याच. अडचण ओलीची आहे. हवेतली ओल घेऊन ओक रुंदीत फुगतो तो सागवानाच्या जवळजवळ दुप्पट. भट्टीत वाळवून आलेल्या फळीत ८-९ टक्के ओल असते. आपल्याकडे जुलैत हवेची आर्द्रता नव्वदीच्या आसपास राहते, तेव्हा बंद खोलीत तीच फळी सहज १५ टक्क्यांवर जाते. १२० मिलिमीटर रुंदीची अखंड ओकची फळी एवढ्याने दोन-अडीच मिलिमीटर फुगते. खोलीत अशा ३० फळ्या शेजारी शेजारी असतील तर हिशेब सहा-सात सेंटिमीटरवर जातो, आणि भिंतीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्टीखाली आपण सोडतो ती फट १०-१२ मिलिमीटरची. मग फळ्या मधेच उठतात. जुन्या घरांच्या माडीवरही लाकडी जमीन असतेच की, असे गिऱ्हाईक हमखास म्हणते. असते, पण त्या सागवानी फळ्या तुळयांवर मारलेल्या, वरून-खालून वारा खेळता. सिमेंटच्या स्लॅबवर चिकटवलेल्या फळीला ती चैन नाही.

म्हणून गोव्यात अखंड ओक नको, इंजिनिअर्ड घ्यावा. त्यात खाली आडवे-उभे थर दाबलेला प्लाय असतो आणि वर खऱ्या ओकचा थर. प्लायमुळे फुगणे बरेच आटोक्यात राहते. खरी किंमत त्या वरच्या थराची. तो दोन मिलिमीटरचा असेल तर पुढे मशीन मारून घासायला फारसे काही उरत नाही. चार किंवा सहाचा असेल तर जमीन पुन्हा घासून नवी करता येते. नमुना हातात घ्या आणि कापलेली कड बघा. वरच्या रेषा कडेत उतरलेल्या दिसल्या तर लाकूड. नुसताच भुशाचा दाबलेला तपकिरी बोर्ड दिसला तर तो लॅमिनेट, म्हणजे ओकचा फोटो. लॅमिनेट घ्यायला हरकत नाही, फक्त ओकचे पैसे देऊ नका.

दुसरे, बंद घरे. मालक मे महिन्यात जातो, वीज बंद, खिडक्या बंद, आणि परत येतो दिवाळीला. एका बंगल्यात ऑगस्टमध्ये मला बोलावले तेव्हा बेडरूमचे दार चार बोटे उघडून अडले. बिजागऱ्या ठीक होत्या. आतली जमीन फुगून दाराच्या खालच्या कडेला टेकली होती. ज्या घरात पावसाळाभर कोणी राहणार नाही, तिथे टाइल्स घाला, नाहीतर जुन्या पद्धतीचा लाल सिमेंटचा कोबा करा. तळमजल्यावरही माझे हेच मत. चिऱ्याच्या जोत्याला ओल चढतेच आणि ओलीमागून वाळवी. माडी असेल, घरात माणसांचा वावर असेल, तर ओक खुशाल घाला.

आणि चवथीची घाई नको! चवथीपूर्वी संपवा म्हणून ऐन पावसात फळ्या घालून घेतात. त्या वेळी लाकूड फुगलेले असते, प्लास्टर नीट सुकलेले नसते. जानेवारीत लाकूड आकसले की फटी पडतात आणि बोलणी मेस्ताला. स्लॅबची आणि फळीची ओल मीटरने मोजून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

लोखंडाचेही सांगून ठेवतो. शिलाई मशीनचे बिडाचे पाय ओकवर ठेवून भोवती ओले फडके फिरवले की काही दिवसांत निळसर काळे वळे उठते. ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की असे होते, साबणाने जात नाही. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिके होते, पण तेवढ्या जागेचे पॉलिश पुन्हा करावे लागते. पायांखाली रबर घाला.

संपादक महाशय, एक विनंती आहे. पुरवणीत फ्लोअरिंगची जाहिरात घेताना ओकचा थर किती मिलिमीटरचा आणि खाली काय आहे, या दोन गोष्टी जाहिरातदाराकडून मागून घ्याव्यात आणि दराशेजारीच छापाव्यात.

आपला,
एक मेस्त, फोंडा