पेन्सिल ह्यांच्या हातात दिल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

तुम्हाला न विचारताच हे उघड पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. प्लास्टर नुकतंच काढून आलेले काका आठवतात ना? त्यांची मी बायको.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही जिथे गेलो होतो, तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला आकडा, 31; आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम वाढलेलं. ह्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ते मला म्हणाले, "हाडांत गेलेला दिसतोय. मुलांना बोलावून घ्या." दिसतोय? कुठे दिसतोय? तोवर ना स्कॅन झाला होता, ना बायोप्सी. आमचे हे जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेले, आणि त्यांच्याच शरीराचे आकडे त्यांना वगळून चर्चेला आलेले. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचे कागद हातात घेणं सोडलं. फाइल मी धरायची आणि ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

तुम्ही मात्र फाइल उघडण्याआधीच विचारलंत, "काका, हाताला काय झालं होतं?" पाय घसरून पडले होते, मनगट मोडलं होतं. इतक्या लोकांनी ते रिपोर्ट चाळले, पण समोर बसलेल्या माणसाचा हात कोणी पाहिला नव्हता. मोडलेलं हाड जुळत असलं तरी अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं आणि कॅन्सर हाडात शिरला तरी वाढतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. ते यकृतातूनही येतं, म्हणून तुम्ही जोडीला यकृताचं दुसरं एन्झाइम, जीजीटी, बघितलंत. ते नॉर्मल होतं, म्हणजे वाढ हाडाकडचीच. आणि पीएसएचं रक्त घेतलं तेव्हा लघवी अडल्यामुळे कॅथेटर घातलेला, वरून इन्फेक्शन. प्रोस्टेट नुसती सुजली, डिवचली गेली तरी पीएसए चढतं. इन्फेक्शन गेल्यावर काही आठवडे थांबून परत तपासलं तर 11.

पण "काही नाही हो, घाबरू नका" म्हणून तुम्ही आम्हाला घरी धाडलं नाहीत. बायोप्सी केलीत, तिच्यात कॅन्सर निघाला. मग बोन स्कॅन. त्यात एकच जागा उजळली, ती मनगटाची. मणक्यांत आणि कंबरेच्या हाडांत, जिथे प्रोस्टेटचा कॅन्सर पसरताना सहसा आधी जातो, तिथे काही नव्हतं. तुम्ही ते मनगट ह्यांना स्क्रीनवर दाखवलंत तेव्हा कितीतरी दिवसांनी हे हसले. म्हणाले, "पडलो ते बरंच झालं म्हणायचं की काय!"

ऑपरेशनबद्दल लिहीत नाही. ते ज्यांनी केलं त्यांचे आभार समक्ष मानून झालेत.

मला लिहायचंय ते नंतरच्या त्या एका दिवसाबद्दल. प्रोस्टेट काढून टाकल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवं. तसं ते आलंही होतं. मग हळूहळू दिसू लागलं, वाढू लागलं, आणि एकदा 0.2 आलं. ते लागोपाठ दोनदा आलं की कॅन्सर परत डोकं वर काढतोय असं धरतात. दुसऱ्यांदाही तेच आलं. हे पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्या मनात तर "मुलांना बोलावून घ्या" हेच घुमत होतं.

तुम्ही खुर्ची ओढून ह्यांच्या बाजूला येऊन बसलात. जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला एक आडवी आणि एक उभी रेघ मारलीत, खाली तारखा टाकल्यात, बाजूला आकडे. आणि पेन्सिल ह्यांच्या हातात देऊन म्हणालात, "आता तुम्ही मांडा."

ह्यांचं मनगट थंडीत अजून आखडतं. पहिला ठिपका भलतीकडेच पडला. मी नकळत पेन्सिलकडे हात नेला, तर तुम्ही डोळ्यांनीच मला थांबवलंत. बाहेर गर्दी होती, मदतनीस दोनदा दार उघडून डोकावून गेला, पण तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत. ह्यांनी ठिपका खोडला आणि पुन्हा मांडला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. रेघ जोडून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "काका, दुप्पट व्हायला किती लागले?" ह्यांनी चष्मा वर सरकवला, तारखा वजा केल्या आणि म्हणाले, "वर्षाहून थोडं जास्तच. म्हणजे चढ आहे, पण कडा नाही."

मग तुम्ही समजावलंत की ऑपरेशननंतर नुसता आकडा बघून भागत नाही, तो किती वेगाने दुप्पट होतो ते बघायचं. दुप्पट व्हायला वर्षाहून जास्त लागत असेल आणि काढलेल्या प्रोस्टेटच्या तपासणीतली ग्रेडही (पेशी किती आक्रमक दिसतात ते) फार वरची नसेल, तर लांब पसरण्याचा धोका तुलनेने कमी. भराभर दुप्पट होत असेल तर ती खरी काळजी. पीएसए इतकं कमी असताना स्कॅनमध्ये बरेचदा काही सापडत नाही, रक्त आधी बोलतं. रेडिएशन द्यायचं तर पीएसए 0.5 च्या खाली असतानाच त्याचा उपयोग जास्त. लक्ष ठेवून थांबण्याचा मार्गही तुम्ही लपवला नाहीत. ठरवायचं ह्यांनी, असं म्हणालात, आणि ह्यांनीच ठरवलं. रेडिएशन घेतलं. त्या दिवसापासून फाइल ह्यांच्या काखेत असते, मला हात लावू देत नाहीत.

तुम्ही गोड बोलणाऱ्यांतल्या नाही, मॅडम. राग मानू नका. गोड बोलणारे आम्हाला आधी पुष्कळ भेटले. त्यातल्या एका गोडबोल्याने ह्यांच्या गळ्यात कॅन्सर मार्करचं अख्खं पॅकेज मारलं होतं. त्यात सीए 125 सुद्धा होतं! ते मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये बघतात, हे तुम्ही सांगितल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. असल्या चाचणीत आकडा किंचित वर आला असता तर आणखी एक घोर लागला असता, तोही विकत घेतलेला.

आणखी एक सांगायचं राहतंय. तुमच्या ओपीडीबाहेर एक बाई भेटल्या होत्या, त्यांच्या तरुण मुलाला वृषणाचा कॅन्सर. त्याला बीटा एचसीजी करायला सांगितलं होतं. रक्त घेणारा मुलगा हसला म्हणे, ही तर गरोदरपणाची तपासणी! पोरगा शरमेने रक्त न देताच परतला. तुम्ही त्याला घेऊन स्वतः खाली गेलात. रक्त घेणाऱ्या मुलाला ओरडला नाहीत. वृषणाच्या काही गाठी तोच हार्मोन तयार करतात. तो, आणि एएफपी व एलडीएच ही रक्तातली आणखी दोन मापं, हे तिन्ही आकडे या रोगाची स्टेज ठरवतानाच धरतात. ऑपरेशननंतर ते ज्या गतीने उतरायला हवेत तसे उतरले नाहीत तर रोग कुठेतरी उरलाय अशी शंका घ्यायची, हे त्याला नीट सांगितलंत. हे मला त्या बाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना हुंदका आवरेना. मोठमोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी आम्हाला एवढं साधं माणूसपण मिळालं नव्हतं. त्यासाठी वेगळी मशिनरी लागते असंही नाही.

रेडिएशननंतरचं पीएसए उतरलंय. पुढेही उतरत राहील का, ते तुम्हाला आज सांगता येत नाही आणि तुम्ही सांगितलंही नाहीत. त्याबद्दलही आभार.

ता. क. हे हल्ली वेटिंगमध्ये शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला दुप्पट होण्याचा काळ काढायला शिकवतात. परवा एका किडनीच्या पेशंटलाही धरलं होतं. किडनीच्या कॅन्सरला पीएसएसारखी एकच एक रक्ततपासणी नसते. तिथे हिमोग्लोबिन, कॅल्शियम, प्लेटलेट असे बरेच आकडे मिळून अंदाज बांधतात, हे तुम्हीच एकदा ह्यांच्यासमोर बोलला होतात. पण ऐकतात कुठे! पुढच्या वेळी आले की जरा कान धरा त्यांचा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

आपली,
काकांची बायको