मंत्रिमहोदय, रात्री रेडिओवर कोणीतरी जागं हवं

प्रति,
माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आकाशवाणीवरून रोज रात्री 11 ते 1 मराठी थेट फोन-इन कार्यक्रम सुरू करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

विषयाची ओळ सरकारी थाटात लिहिली आहे. एकतीस वर्षं तसेच अर्ज लिहीत आलो, हाताला तेच वळण पडलंय. पण या अर्जाचं कारण एक इंग्रजी सिनेमा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या महिन्यात मुलगी घरी आली होती. तिने लॅपटॉपची वायर टीव्हीला लावली आणि 'स्लीपलेस इन सिएटल' दाखवला. 1993 सालचा, नोरा एफ्रॉन या बाईंनी दिग्दर्शित केलेला. टॉम हँक्स आणि मेग रायन. प्रेमकथा, तीही हसतखेळत सांगितलेली. तासाभराने आमच्या सौ. वैतागल्या. "अगं, हे दोघं भेटणार तरी कधी?" मुलगी म्हणाली, "आई, शेवटी." आणि खरंच, नायक-नायिका धड भेटतात ती अगदी शेवटच्या काही मिनिटांत, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर. तोवर सिनेमा ज्यावर चालतो, तो आहे रेडिओवरचा एक रात्रीचा कार्यक्रम. सौ. तोवर झोपल्या होत्या. मी जागा होतो. सिनेमा संपल्यावरही झोप आली नाही, कारण मला माझी नाइट ड्यूटी आठवली.

आपण सिनेमा पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. नाताळची आदली रात्र. सिएटलमधला आठ वर्षांचा जोना बापाच्या नकळत रेडिओला फोन लावतो. शिकागोहून डॉ. मार्शा फील्डस्टोन नावाच्या मानसतज्ज्ञ बाई कार्यक्रम चालवत असतात, देशभर ऐकू जाणारा. पोरगं सांगतं, आई गेली, बाबा फार उदास असतात, त्यांना नवीन बायको हवी आहे. बाई पोराला गोडीगुलाबीने बोलतं ठेवतात आणि बापाला फोनवर घेतात. बाप सॅम आर्किटेक्ट. बायको गेल्यावर शिकागो सोडून सिएटलला आलेला. तो आधी भडकतो. मग पोराकडे बघून गप्प होतो, बसतो आणि बायकोबद्दल बोलू लागतो.

त्याच वेळी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला ॲनी नावाची पत्रकार रात्री एकटीच गाडी चालवत बाल्टिमोरकडून वॉशिंग्टनला निघालेली असते. लग्न ठरलेलं आहे, होणारा नवरा भला माणूस आहे. गाडीतला रेडिओ सुरू आहे. सॅम सांगत असतो, तिचा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कसं वाटलं... आणि नेमका शब्द यायच्या क्षणी गाडीत ॲनी आणि रेडिओवर सॅम, दोघांच्याही तोंडून एकदम 'जादू' निघतं. पुढे ती वाटेतल्या हॉटेलात थांबते, तर तिथल्या बायकाही हाच कार्यक्रम ऐकत असतात. त्या अनोळखी माणसाचं दुःख सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

सॅमने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याची बायको अख्खं सफरचंद एका सालीत सोलायची, साल मध्ये कुठे तुटायची नाही. नंतर ॲनी आपल्या स्वयंपाकघरात बसून रेडिओ ऐकत सफरचंद सोलताना दिसते. बोलत काही नाही. सॅमने ती गोष्ट घरी पोराला सांगितलेली, ॲनीने ऐकलेलीही नसते. तरी दोघांचं जमणार, हे तेवढ्यात कळतं. 

सिनेमातलं सगळंच मला पटलं असं समजू नका. डॉक्टरीणबाई जरा जास्तच भोचक आहेत. ॲनी त्या माणसाचा पत्ता काढायला डिटेक्टिव्ह लावते, ते तर आजच्या काळात सरळ पोलीस ठाण्याचं प्रकरण होईल. आणि सॅमच्या घरी देशभरातून बायकांची पत्रं येऊन पडतात, कारण रेडिओवाल्यांना पत्ता मिळालेला असतो. आपल्याकडे असं चालणार नाही, त्याची सोय खाली सांगितली आहे.

आता माझी नाइट. मी वीज खात्यात यंत्रचालक होतो, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका 33 केव्ही सबस्टेशनवर. गावापासून दोन किलोमीटर. रात्री एकच माणूस ड्यूटीला. दर तासाला लॉगशीटवर व्होल्टेज आणि अँपिअर लिहायचे, फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाइन, ट्रिप होऊन बंद पडला तर पुन्हा चार्ज करायचा, बाकी वेळ ट्रान्सफॉर्मरची घुमघुम ऐकायची. टेबलावर खात्याचा फोन आणि माझा ट्रान्झिस्टर. ब्रेकर पडला की ट्रान्झिस्टरमध्ये खरर्र व्हायचं. बिघाड दाखवणारा रिले दिसायच्या आधी मला रेडिओवरून कळायचं की कुठला तरी फीडर गेला.

शेतीच्या फीडरला आठवडा पाळीने रात्रीची थ्री-फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, असायची. आपण दिल्लीत राहता, म्हणून सांगतो. थंडीत हरभऱ्याचं, गव्हाचं ओलीत करायचं म्हणजे शेतकऱ्याने रात्री बाराला उठून, बॅटरी घेऊन, सापकिरडातून मोटर लावायला जायचं. लाइन आली नाही की आमच्या फोनवर घंटी. "साहेब, लाइन कधी येते?" एवढंच विचारायला केलेला फोन दहा मिनिटं चालायचा. कुणाचा बैल आजारी, कुणाच्या पोरीचं जमत नाही. मी काय सांगणार? मी हं हं करायचो. तेवढं पुरायचं.

एक पोरगा तर ठरलेल्या वेळी फोन करायचा. शेतातल्या विहिरीजवळ त्याच्या काकाचा फोन होता. त्याच्या रेडिओचे सेल संपले होते आणि बापाने नवे आणून दिले नव्हते. तो म्हणायचा, "साहेब, गाणं लागलं असंन तर फोन रेडिओजवळ धरा ना." मी धरायचो. कधी अख्खं गाणं, कधी अर्ध्यातच दुसऱ्या फीडरची घंटी. प्रसारणाच्या क्षेत्रातला माझा अनुभव म्हणाल तर एवढाच.

तो रेडिओ बहुतेक रात्री ज्यावर लावलेला असायचा, त्यावरून आता आपल्या खात्याशी संबंध येतो. 18 मे 1988 ला आकाशवाणीचं नॅशनल चॅनल सुरू झालं. खास रात्रीचं. संध्याकाळी सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत चालायचं. बातम्या, गाणी, गप्पा. कार्यक्रम दिल्लीत व्हायचा, पण देशभर पोचायचा तो आमच्या नागपूरच्या 1000 किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून, मीडिअम वेव्ह 1566 किलोहर्ट्झवर. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून तिथे. मीडिअम वेव्हची गंमत आपल्याला अधिकाऱ्यांनी सांगितली असेल, तरी सांगतो. दिवसा वातावरणातला वरचा एक थर या लहरी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जमिनीवर उतरतात. म्हणजे रात्र पडली की आवाज आपोआप लांब जातो, त्यासाठी कोणाला वेगळा खर्च करावा लागत नाही. आमचं सबस्टेशन नागपूरपासून फार लांब नव्हतं, पण तेच गाणं त्याच क्षणी कुठल्या कुठे कोणी ट्रकवाला ऐकत असेल, हा विचार रात्री तीन वाजता बरा वाटायचा.

मी 2018 मध्ये निवृत्त झालो. 2019 च्या जानेवारीत ते चॅनल बंद झालं. तेव्हाची खर्चाची कारणं मी पेपरात वाचली. त्यावर आता भांडत नाही. जे गेलं ते गेलं. माझी मागणी त्याहून लहान आहे.

आजकाल रात्री मी रेडिओ लावतो तेव्हा गाणी लागतात. चांगली लागतात. पण बोलणारा माणूस बहुधा बोलून, रेकॉर्ड करून, घरी जाऊन झोपलेला असतो, हे कानाला कळतं. तो 'शुभ रात्री' म्हणतो तेव्हा त्याच्या खोलीत दुपार असते. सिनेमातल्या जोनाने रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमाला फोन केला असता तर पाच मिनिटांत सिनेमा संपला असता.

म्हणून विनंती अशी. रोज रात्री दोन तास, 11 ते 1, थेट, मराठीत. एकाच केंद्रावर भार नको. मुंबई, पुणे, नागपूर, जळगाव, परभणी, रत्नागिरी, सांगली आणि पणजी यांनी पाळीपाळीने चालवावा आणि बाकीच्यांनी तोच घ्यावा. सोलापूर, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ ही आपलीच एफएम केंद्रं आहेत, त्यांनीही. नवा टॉवर नको, नवी इमारत नको. आपलं न्यूज ऑन एअर ॲप आहे, त्यावरून मस्कतमध्ये नोकरीला असलेला आमचा भाचाही ऐकेल, त्याचीही रात्रपाळीच असते. निवेदक म्हणून नैमित्तिक निवेदक आहेतच, वर्षानुवर्षं ड्यूटीगणिक पैसे घेणारे, माइकसमोर बसलं की घरचं वाटावं असे. फक्त त्यांना रात्रीचा भत्ता द्या आणि जायला-यायला गाडी द्या. नाइटला निवेदिकेने एकटं रिक्षा शोधत घरी जावं अशी वेळ येता कामा नये.

फोन करणाऱ्याचं गावाचं नाव सांगावं, आडनाव आणि नंबर सांगू नये. कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर पत्र केंद्राच्या पत्त्यावर यावं आणि केंद्राने दोन्हीकडून विचारून मगच पुढे द्यावं. शिवीगाळ होईल ही भीती असेल तर प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवायची सोय असते, ती वापरावी. राजकारण, जात, निवडणूक यावर फोन घेऊ नये. बाकी कशावरही घ्यावा. हरभऱ्यावरची घाटे अळी, मुलीचं सासर, बायपासच्या आदल्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसलेला भाऊ.

आपल्या खात्याचं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे, 1990 चा कायदा आहे, 1997 पासून मंत्रालय रोजच्या कामात पडत नाही. बरोबर. पण 2023 च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा निर्णय झाला, लोक चिडले, आणि तेव्हाच्या आपल्या पदावरच्या मंत्र्यांनी शब्द टाकल्यावर तो थांबला. म्हणजे शब्द पोचतो. आम्हाला तेवढाच हवा आहे.

दुसरं उत्तर येईल की मन मोकळं करायला सरकारने टेलिमानस सुरू केलंय, 14416, चोवीस तास, मोफत. 10 ऑक्टोबर 2022 पासून. ते चांगलंच आहे, आणि निवेदकाने हा नंबर रोज सांगावा असंही मी म्हणेन. पण मला झोप येत नाही, तेवढ्यासाठी मी स्वतःला आजारी म्हणवून घेऊन 14416 ला फोन लावणार नाही. आमच्या गावात कोणीच लावणार नाही. रेडिओला मात्र लावेन, आणि सुरुवात 'गाणं लावा' अशी करेन. खरं बोलायला नंतर सुचतं. त्या सॅमलाही नंतरच सुचलं.

तिसरं, मोबाइल आहे की सगळ्यांकडे. आहे. त्यावर माणूस एकटाच काहीतरी बघत असतो. सिनेमातल्या त्या हॉटेलातल्या बायका आणि गाडीतली ॲनी एकच वाक्य एकाच वेळी ऐकतात, हे मोबाइलला अजून जमलेलं नाही.

आपल्याकडच्या सिनेमावाल्यांनाही हे उमगलं होतंच. 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये मुन्ना रेडिओवरच्या आवाजाच्या प्रेमात पडतो आणि पुढे स्वतःच माइकसमोर बसून लोकांचे फोन घेतो. 2006 साली थेटर भरून लोक ते बघत होते.

तो फोन धरायला सांगणारा पोरगा आता माणूस झालाय, दोन पोरांचा बाप. परवा बाजारात भेटला. नंबर बदललाय, म्हणून माझा घेतला. म्हणाला, "साहेब, रात्री जागे असता का अजून?" मी म्हटलं, असतो. त्या रात्री सव्वाबाराला फोन आला. हरभऱ्याला पाणी चालू होतं. मी रेडिओ जवळ धरला, पण गाण्याच्या आधीची घोषणा कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डिंगची होती. तो म्हणाला, "राहू द्या, तुम्हीच बोला."

या पत्राचं उत्तर फोनवर द्यायचं ठरलं तर कृपया सकाळी दहाच्या आत करू नये. त्या वेळी मी झोपलेला असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्रचालक
जिल्हा यवतमाळ