कोकण रेल्वेचे एक डिझेल इंजिन चालते ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्या दुरुस्त करून जत्रा-महोत्सवांत आणायचा विषय निघाला की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वाफेचे इंजिन येते. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावली, याचा मलाही अभिमान आहे. पण कोकण रेल्वेची आठवण डिझेलची आहे. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला आणि २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. मधली चोवीस वर्षे डिझेलनेच आपली माणसे मुंबईहून घरी आणली. आमच्याकडे पहिली गाडी आली तेव्हा आजीने इंजिनाला हळदकुंकू लावून नारळ वाढवला होता. रूळ तिच्याच भाताच्या खाचरातून गेले होते.

ती इंजिने आता भंगारात निघत आहेत. एखादे स्थानकाबाहेर चौथऱ्यावर चढवायचे आणि वर्षाला रंगाचा हात द्यायचा, याला जतन म्हणवत नाही. असे एक मी जवळून पाहिले आहे. रंग ताजा होता, पण खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा हाताला सुटत होता. इंजिन बंद राहिले की रबरी नळ्या कडक होतात, बॅटऱ्या बसतात. त्याला छप्पर हवे आणि अधूनमधून चालवणारी माणसे हवीत. ही इंजिने खोलून जोडणारे फिटर निवृत्तीला आले आहेत. ते आहेत तोवरच पोरांना हे काम शिकवता येईल.

वाफेचा हट्ट इथे नको. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात कोळशाचा धूर प्रवाशांना सोसणार नाही.

एक इंजिन आणि जुने चार-पाच निळे डबे पुरेत. हे डबे बनणेही २०१८ मध्ये थांबले. गणपतीत ही गाडी मुळीच काढू नये. वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे, चाकरमान्यांची वाट अडेल. कार्तिकातल्या दहीकाल्यांच्या जत्रांना मात्र कुडाळ ते सावंतवाडी एक फेरी जमेल. दशावताराला निघालेली पोरे आजी-आजोबांबरोबर त्याच डब्यांत बसतील. दुसरी फेरी २६ जानेवारीला, रत्नागिरी ते चिपळूण.

येत्या पावसाळ्याआधी निदान एक इंजिन छपराखाली घ्यावे, ही रेल्वे प्रशासनाला कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी