विषय: कॅराव्हॅनची मेलेली बॅटरी, कापलेलं डिपॉझिट आणि तुमची ती चोवीस तास मदत

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. म्हणजे त्यांनी ठेवला, मी बोलतच होतो. पर्थ ते अॅडलेड कॅराव्हॅन पॅकेज, आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं, बुकिंग नंबर मेलच्या वर टाकलाय. बाकी माझी ओळख तुमच्या सिस्टिममध्ये "रिपीट कंप्लेंट" अशी आहे असं मघाशी मॅडमनीच सांगितलं.

गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे मी तुम्हाला सांगायला नको. एक इंजिनाची, एक मागच्या घराची. मागची गेली की फ्रिज बंद, दिवे बंद आणि पाण्याचा पंप पण बंद, म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला थेंब नाही. कोरडा नळ पुणेकराला नवीन नाही हो, पण टाकी भरलेली असताना नाही.

तर ही मागची बॅटरी कॉकलबिडीच्या रोडहाउसला पोचेपर्यंत गेली. नलारबॉरच्या ओसाड माळरानातला हा रस्ता तुम्हीच विकता, त्यामुळे माहिती असेलच की नॉर्समन सोडलं की गाव म्हणावं असं गाव शेकडो किलोमीटर लागत नाही, सेडूनापर्यंत 1200 किलोमीटर, मधे फक्त रोडहाउस, म्हणजे पेट्रोलपंप आणि खायची-राहायची सोय. बॅलाडोनिया ते कायगुना तर 146.6 किलोमीटर रस्त्याला एक वळण नाही, तुमच्या ब्रोशरमध्ये तिथल्या पाटीचा फोटो पानभर छापलाय. मी जिथे उभा होतो तिथून मागे नॉर्समन साधारण 440 किलोमीटर, म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत यायचं एवढं, आणि वाटेत मला एकही मेकॅनिकचं शटर दिसलं नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. रोडहाउसच्या काउंटरवरच्या बाईंनी त्यांचा फोन दिला म्हणून तुमच्या "ऑस्ट्रेलियातल्या लोकल हेल्पलाइन"ला लावला, तर तो वाजला कुठे, तुमच्या कर्वे रोडच्या ऑफिसात!

आता तो कॉल. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणे, "क्वालिटी आणि ट्रेनिंगसाठी". एकदा ऐकाच, ट्रेनिंगला फार उपयोग होईल.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाने विचारलं, सर आपण सध्या कुठे आहात. मी म्हटलं कॉकलबिडी. तो म्हणाला, "बीड का सर? बीडला आपलं सेंटर नाहीये, संभाजीनगरला कनेक्ट करू का?" मी म्हटलं अहो ऑस्ट्रेलिया, हा तुमचा ऑस्ट्रेलियाचाच नंबर आहे ना. मग म्हणे पिनकोड सांगा. मग म्हणे जवळची खूण सांगा. साहेब, खूण! मी दारातून बाहेर बघितलं. पेट्रोलपंप, खुरटी झुडपं आणि रस्ता. मी म्हटलं रस्ता आहे, सरळ. तो म्हणाला, "सर, को-ऑपरेट करा प्लीज, लँडमार्कशिवाय तिकीट पुढे जात नाही." शेवटी मी म्हटलं मारुती मंदिरासमोर. तिकीट गेलं पुढे! तुमच्या सिस्टिममध्ये बघा, आजही असेल.

मग म्हणाला, व्हॉट्सअॅपवर लोकेशन आणि पॅनेलचा फोटो पाठवा. रेंज नाही हे मी तोपर्यंत इतक्यांदा सांगून झालं होतं की काउंटरवरच्या बाईंना मराठी येत नसून त्यांना पण कळलं असावं. मी म्हटलं बाबांची इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये आहेत, फ्रिज बंद आहे. तर म्हणे, "सर इन्सुलिन बाहेर पण टिकतं, गूगल करून बघा ना." कशावर करू गूगल? आणि चालू पेन बाहेर टिकतं, मला माहितीये, घरात इतकी वर्षं शुगर आहे, पण न उघडलेली पेनं 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असतात आणि ती पुढच्या सगळ्या प्रवासाची होती. ती शेवटी रोडहाउसच्या बाईंनी स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवली, लोण्याच्या शेजारी, कुठलाही तिकीट नंबर न देता.

आणि मग कळस. "सर असं करा, गाडी चार-पाच तास चालवा, बॅटरी आपोआप चार्ज होईल." मी म्हटलं सूर्य मावळतोय. "मग रात्री चालवा की सर, ट्रॅफिक पण कमी असतं."

साहेब, तुमच्याच करारात लिहिलंय की गावाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवली तर इन्शुरन्स लागू नाही. का ते पण लिहिलंय. कांगारू आणि वाँबॅट नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात, आम्ही दिवसा रस्त्याकडेला मेलेले बघत आलो होतो, धाकटीने तर मोजणंच सोडून दिलं. त्यात समोरून तीन-तीन डबे जोडलेले ट्रक. आणि तुमचा माणूस म्हणतो रात्री चालवा. गेलो असतो आणि ठोकली असती तर तुम्हीच पहिलं विचारलं असतं की रात्री का चालवली. बरोबर ना?

तिथल्याच एका माणसाने मीटर लावून बघितलं. त्याच्या वायरवर रात्रभर चार्ज केली (गाडीतली वायर लॉकरमध्ये नव्हतीच, ती तुमच्या यादीत "टिक" केलेली आहे), सकाळी 12.6 व्होल्ट दाखवले, म्हणजे दिसायला पूर्ण चार्ज, फ्रिज लावला की धाडकन 9 वर. बॅटरी म्हातारी होऊन मेलेली, त्याने एका मिनिटात सांगितलं. वर 2017 चा स्टिकर आहे, फोटो जोडलाय. अॅडलेडपर्यंत आम्ही दिवसभर बंद फ्रिज आणि सांडशीत धरलेला मोबाइलचा टॉर्च यावर संसार केला.

आणि तुम्ही काय केलंत? डिपॉझिटमधून 62,000 रुपये कापलेत, "बॅटरी डॅमेज बाय कस्टमर". ती तिच्या वयाने मेली, मी काय केलं तिला?

क्लेम का नाकारला त्याचं कारण तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे. मी फॉर्मवर बिघाडाची वेळ लिहिली संध्याकाळी पावणेपाच. तुमच्या सिस्टिममध्ये माझा फोन दुपारी दोनचा. त्यावरून तुमच्या क्लेम डिपार्टमेंटने लिहिलंय की ग्राहकाने बिघाड होण्याच्या पावणेतीन तास आधीच तक्रार नोंदवली, त्यामुळे क्लेम संशयास्पद. अहो, कॉकलबिडीचं घड्याळ पर्थच्या 45 मिनिटं पुढे असतं आणि आपल्या सव्वातीन तास पुढे. तिथे सव्वापाच म्हणजे कर्वे रोडला दोन. त्या पट्ट्यातून रोज गाड्या पाठवता आणि हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही? हे मी मघाशी मॅडमना समजावून सांगत होतो तेव्हाच त्या म्हणाल्या, "सर तुम्ही डेझर्टला गेलात, तिथे थोडं अॅडजस्ट करावंच लागतं," आणि फोन बंद.

ब्रोशरबद्दल पण सांगतो, वेगळा मेल करायचा कंटाळा आलाय. "पर्थहून फळं-भाज्या भरून घ्या, अॅडलेडपर्यंत पुरतील." सेडूनाला क्वारंटाइन चेकनाका आहे, फळमाशीमुळे. आईचे टोमॅटो, मिरच्या, संत्री, सगळं कचऱ्याच्या डब्यात गेलं. आई त्या अधिकाऱ्याला काही बोलली नाही, तुम्हाला मात्र बरंच बोलली, ते इथे लिहीत नाही.

बाबांनी तुमच्याच बसने अष्टविनायक केलं होतं, तेव्हा तुमचा माणूस म्हाताऱ्यांच्या पिशव्या स्वतः उचलायचा, म्हणून बाबांनी हट्टाने तुमचं नाव घेतलं. आता ते गप्प असतात विषय निघाला की.

तर 62,000 परत पाहिजेत, बिघाडापासून पुढच्या दिवसांचं भाडं पाहिजे आणि त्या "रात्री चालवा"बद्दल लेखी माफी पाहिजे. "गैरसोयीबद्दल दिलगीर" नकोय, तो कागद आहे माझ्याकडे. पंधरा दिवसांत झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, 5 लाखांपर्यंत फी पण लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, मला वेळच वेळ आहे, मागच्या महिन्यात रिटायर झालोय. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवतो, त्यांनी तरी लँडमार्क विचारू नये एवढीच इच्छा.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात टाका. उत्तर मेलवर द्या, कृपया फोन करू नका, आणि हो, कॉल संपल्यावर तो "आमच्या सेवेला किती स्टार द्याल" वाला मेसेज आत्ता हे लिहिताना पुन्हा आलाय, तो बंद करा.

तुमचा आतापर्यंतचा ग्राहक,
बिबवेवाडी, पुणे