पर्थला निघालेल्या केतकीस

लीड्स,
३० नोव्हेंबर २०२५

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी "छान झालं, छान झालं" म्हणत फोन आईच्या हातात दिला. पर्थच्या हॉस्पिटलचं पक्कं झालं, डॅनचंही जमलं, घर भाड्याने द्यायचं, जानेवारीअखेर निघायचं. ऐकलं सगळं. पण फोनवर बोलणं मला कधीच जमलं नाही, म्हणून लिहायला बसलो. "व्याख्यान देऊ नका," असं आईने बजावलंय. देणार नाही.

तू सांगितलेली कारणं पटतात. पगार बरा, ड्यूट्या माणसाला झेपतील अशा, आदिला बारा महिने मैदान. १९७० साली मी निघालो तेव्हा माझ्याकडे एवढीही कारणं नव्हती. मिरजेहून एम.बी.बी.एस. झालो होतो, एम.डी.ला जागा मिळत नव्हती आणि इंग्लंडला डॉक्टर हवे होते. हवे होते म्हणजे म्हाताऱ्यांच्या आणि मनोरुग्णांच्या वॉर्डांसाठी; हृदय न् मेंदू त्यांनी घरच्या पोरांसाठी राखून ठेवले होते. सांगली स्टेशनावर तात्यांनी एकच विचारलं, "कुणाचं देणं बुडवून तर चालला नाहीस ना?" नाही म्हटलं. "मग जा," म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच घरी निघाले.

आता मलाही एक विचारायचंय. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तू गेल्या वर्षीच्या ऑगस्टमुळे जाते आहेस का?

त्या रविवारचं तू आम्हाला काही सांगितलं नाहीस. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी कोण याबद्दल खोटंनाटं पसरलं, आणि ४ ऑगस्टला तुमच्या मिडल्सब्रोत टोळकी गाड्या अडवून आत बसलेल्यांचा रंग बघत होती. आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. रात्री तू म्हणालीस, "आम्ही घरीच होतो." मग नाताळात जेवताना आदि सहज बोलून गेला, की त्या दिवशी डॅडी गाडी चालवत होता आणि मम्मी मागच्या सीटखाली त्याच्या पायाशी बसली होती, अंगावर पिकनिकची चादर ओढून. त्याला तो लपाछपीचा खेळ वाटला होता. तू श्रीखंडाचं भांडं घेऊन आत गेलीस. मी पुरी मोडत बसलो.

पर्थ आवडलं म्हणून जात असशील तर माझी पाठीवर थाप आहे. पण त्या चादरीखालून उठून थेट विमानात बसत असशील, तर मला ते सोसत नाही.

जुलै १९८१. तुझा पत्ता नव्हता, अभय नुकता चालायला लागला होता. एप्रिलात दंगलीत लंडनला ब्रिक्स्टन पेटलं, जुलैत लिव्हरपूलला टॉक्स्टेथ, आणि मग आपलं चॅपलटाउन. सोमवारी मी फुटक्या काचांवरून गाडी हळूहळू काढत ड्यूटीवर गेलो. आईने आठवडाभर अभयला अंगणातसुद्धा सोडलं नाही. त्याच गुरुवारी हेडिंग्लीची कसोटी सुरू झाली. माझ्या वॉर्डात एक जुना खाणकामगार होता, फुप्फुसं कोळशाच्या धुळीने भरलेली, नाकात ऑक्सिजनची नळी, उशाशी ट्रान्झिस्टर. इंग्लंडला फॉलोऑन मिळालेला, सट्टेवाले एकाला पाचशेचा भाव देत होते. सोमवारी बॉथमने नाबाद १४५ ठोकल्या. मंगळवारी ऑस्ट्रेलियाला १३० हव्या होत्या आणि विलिस सुटला. मी त्या म्हाताऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवून उभा. नाडी मोजतोय असं सिस्टरला दाखवायचं आणि कान रेडिओकडे. विकेट पडली की तो चादरीवर एक बोट आपटायचा. बोलायला श्वास पुरत नव्हता. आठवं, नववं. शेवटी विलिसने ब्राइटचा त्रिफळा उडवला, १११ सर्व बाद, आठ बळी ४३ धावांत. त्या माणसाने माझंच मनगट उलटं घट्ट धरलं आणि म्हणाला, "हाणलं की रे आपण त्यांना, लव्ह!" यॉर्कशरचे म्हातारे पुरुषांनाही लव्ह म्हणतात. बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात चार्ल्स-डायनाचं लग्न. गल्लीत टेबलं मांडून सँडविचेस, आणि समोरच्या बाईंनी अभयच्या डोक्यावर कागदी मुकुट घातला. काचा, हेडिंग्ली आणि मुकुट, सगळं एका महिन्यात. कुठलं खरं इंग्लंड, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मला कुणी कधी काही बोललंच नाही, असा याचा अर्थ काढू नकोस. बसस्टॉपवर थुंकणारे होते. "दुसरा डॉक्टर नाही का?" विचारणारे होते, आणि त्यांचीच मुलं पुढे मला नाताळची कार्डं पाठवायची. इनॉक पॉवेल आरोग्यमंत्री असताना बाहेरचे डॉक्टर या देशाला चालत होते, १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध ते भाषण ठोकणाराही तोच पॉवेल. हे सगळं मी गिळलं, कारण मला "परत जा" म्हणणाऱ्याला माझ्याकडे उत्तर होतं. मला परत जायला सांगली होती. हरभट रोड होता, तात्या होते. तुला कुणी म्हटलं तर तू कुठे जाणार? राउंडे पार्कात? तुझी सांगली म्हणजे हे लीड्सच. आजीकडे काढलेली वर्षं धरूनसुद्धा. तेव्हा तुला ते माझ्यापेक्षा जास्त लागलं असणार, एवढं मला कळतं. एवढं कळूनही विचारतोय.

बघ, झालंच व्याख्यान. आई बरोबरच म्हणत होती. राग मानू नकोस.

दुसरं काहीतरी लिहितो. आईने बेसनाच्या लाडवांचा घाट घातलाय. तिला सांगून पाहिलं की ऑस्ट्रेलियाचे कस्टमवाले खाण्याच्या बाबतीत फार कडक, जे नेशील ते फॉर्मवर लिहावं लागतं, तुपालाही हरकत घेतील. "मग पोरीने विमानात संपवावेत," म्हणते. लंडनहून पर्थला क्वांटासचं थेट विमान आहे, सतरा तासांच्या आसपास लागतात. तेवढ्यात आदि डबा रिकामा करेल. अभयच्या खोलीतल्या नकाशावर मी दोरीने मोजून पाहिलं. मुंबई लंडनहून जेवढी लांब, जवळजवळ तेवढीच पर्थहून, सात हजार किलोमीटरांच्या थोडी वर. म्हणजे सांगलीच्या हिशेबाने तू कुठेच गेली नाहीस. माझ्याच हिशेबाने गेलीस.

निघायच्या आधी आदिला एकदा सेटल-कार्लाइलच्या गाडीने नेऊन आण. डेंटच्या स्टेशनावर तू बर्फात घसरून पडली होतीस आणि उठायलाच तयार नव्हतीस, तीच लाइन. रिबलहेडच्या चोवीस कमानी त्याला खिडकीतून दिसू देत. डावी-उजवी आधी विचारून बस. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश रेलने ही लाइन बंद करायला काढली होती, पुलाची दुरुस्ती परवडत नाही म्हणून. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या. त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता, आणि तोही ग्राह्य धरला गेला, कारण कुत्रं तिकीट काढून प्रवास करायचं! एप्रिल १९८९ मध्ये सरकारने हात टेकले. हा देश मला कशामुळे आवडतो असं कुणी विचारलं तर मी शेक्सपिअर वगैरे सांगणार नाही, त्या पंजाचं सांगेन. आणि याच देशाने आपल्या लीड्सला भरधाव गाडी आणायचे नकाशे वर्षानुवर्षं दाखवले आणि २०२१ मध्ये आपला फाटाच छाटून टाकला. हेही सांगेन.

परत तिथेच येतोय मी. १९९६ च्या युरो कपाच्या वेळी तू बारा वर्षांची होतीस. पेट्रोल पंपावरून लाल क्रूसाचा झेंडा आणून माझ्या ॲस्ट्राच्या काचेत तूच अडकवलास. १९६६ ला वेम्बलीवर लोक युनियन जॅक नाचवत होते; सेंट जॉर्जचा झेंडा गल्लीगल्लीत दिसायला लागला तो त्या ९६ मध्ये, तुमच्यासारख्या पोरांनी लावला म्हणून. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तो झेंडा घेऊन जायला मला लाज वाटायची, तरी तू काढू दिला नाहीस. साउथगेटची पेनल्टी हुकली त्या रात्री तू हुंदके देत होतीस आणि माझ्यावर ओरडलीस, "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" यंदाच्या ऑगस्टमध्ये तोच झेंडा खांबाखांबावर चढला, चौकातल्या पांढऱ्या गोलावर कुणीतरी लाल फुली रंगवून गेलं, आणि तू म्हणालीस, "तो दिसला की मी रस्ता बदलते." अगं, तो तुझा झेंडा होता. तो लावणाऱ्यांत सगळे वाईट असतील असंही मला वाटत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या घराने लावलाय, तो माणूस माझे कचऱ्याचे डबे बाहेर काढून ठेवतो. पण रात्री पडद्याआडून बघताना मीही आधी झेंडा बघतो आणि मग माणूस, हे तुला सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नाही.

म्हणजे भीती मलाही वाटते. तुला एकटीला वाटते असं समजू नकोस.

बरं, आदिचं. १९९० मध्ये टेबिट नावाचा पुढारी म्हणाला होता, की आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, म्हणजे त्यांची निष्ठा कळेल. त्याच ऑगस्टमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ काढून कसोटी वाचवली आणि मी मोठ्या आनंदाने नापास झालो. दोन वर्षांनी तोच सचिन यॉर्कशरकडून खेळायला आला, क्लबाचा पहिला परदेशी खेळाडू. तेव्हा मी वॉर्डातल्या समस्त यॉर्कशरवाल्यांसह सचिनच्याच बाजूने ओरडत होतो. याला टेबिटने किती मार्क दिले असते? २००२ ला तू आणि मी हेडिंग्लीत होतो, द्रविड १४८, सचिन १९३, सौरव १२८. तू त्या दिवशी भारताच्या बाजूने घसा बसवून घेतलास, फुटबॉलला मात्र कधी नाही. आणि यंदा जूनमध्ये त्याच हेडिंग्लीत आपल्या पाच शतकांवर पाणी पडलं, डकेटने १४९ काढल्या, ३७१ पार झाल्या, आणि तुझा लेक माझ्या शेजारी बसून इंग्लंडच्या शर्टात टाळ्या पिटत होता. मला राग आला नाही. पोरगा पास झाला, बिनधास्त पास झाला, परीक्षा आहे हे माहीत नसताना. मागे बसलेल्या एका आडदांड गोऱ्याने त्याला उचलून खांद्यावर घेतलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतीस, पण हात पुढे केला होतास, घ्यायला.

आता म्हणे तो पर्थला ऑस्ट्रेलियाचा होणार. परवा ॲशेसची कसोटी तिथे दोन दिवसांत आटपली, हेडने ६९ चेंडूंत शतक ठोकलं, आणि आदिचा मेसेज आला की "आजोबा, ते आमच्या घराजवळ आहे." आमच्या घराजवळ! अजून विमानाचं तिकीट काढायचंय.

आई म्हणते, आपणही जाऊ. मी नाही येणार राहायला. तिथे कायमचं गेलं की इथलं सरकारी पेन्शन आहे तिथेच गोठतं, दरवर्षीची वाढ बंद. हे कारण मी सगळ्यांना सांगतो, तूही तेच सांग. जन्मभर म्हाताऱ्यांची औषधं लिहिली, आता माझी कुणीतरी इथलाच लिहील. त्या दवाखान्यातली नवी डॉक्टरीण केरळची आहे, मुलगी हुशार आहे. तिला विचारलं नाही अजून, ती किती दिवस राहणार ते.

तू मन लावून काम केलंस, मिडल्सब्रोसारख्या गावात राहून केलंस, जिथे यायला दुसरे तयार होत नाहीत. कुणाचं देणं तुझ्यावर नाही. एवढं तात्यांच्या वतीने मी लिहून देतो.

स्मृती मानधनाने आणि संघातल्या पोरींनी नवी मुंबईत क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्या रविवारी आईने शेजारी पेढे वाटले, सांगलीची मुलगी म्हणून. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक आहे. पुढच्या वर्षी १० जुलैपासून लॉर्ड्सवर बायकांची कसोटी आहे, इंग्लंड आणि भारत, लॉर्ड्सवरची बायकांची पहिलीच. लॉर्ड्स ज्यांचं, त्या एमसीसी क्लबाने १९९८ पर्यंत बायकांना सभासदही करून घेतलं नव्हतं. जुलैत पर्थला शाळेची सुट्टी असते असं डॅन म्हणाला. आई स्मृतीच्या बाजूने, आदि बहुतेक इंग्लंडच्या, डॅन कुठेही बसेल. तिकिटं लवकर संपतात. किती काढू ते कळव.

तुझा,
बाबा