सब-मर्ज मशीन लावून देणाऱ्या काकाजींना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्या घरी आणून देता आले असते. परंतु आमच्यासारखे खेड्यातले वर्कशॉपवाले लिलावातून सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगचे (फ्लक्स या दाणेदार पावडरीच्या थराखाली झाकलेल्या विजेच्या आर्कने लोखंड वितळवून जोडण्याचे) जुने मशीन उचलून आणतात आणि ट्रॉलीवरून उतरवताच सीम, म्हणजे जोडाची रेघ, ओढायला बसतात, हे स्वतः करून बसल्यामुळे आपले आभार चारचौघांत मानावेत असे ठरवले. नाव लिहू नये, ही आपली अट पाळली आहे.

गेल्या पावसाळ्यात सरकीच्या तेलाच्या टाकीचे काम हाती होते आणि प्लेट १० मिमीची होती. स्लॅगचा (वितळून घट्ट झालेल्या फ्लक्सचा) पापुद्रा उचलला तेव्हा पहिल्याच सीमवर मोहरीएवढी भोके दिसली, म्हणून आपणास बोलावले. आपण आलात, सीमकडे नीट पाहिलेही नाही, मेन स्विच खाली ओढून त्याला स्वतःचे कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. पुढचे दोन दिवस आर्क पेटला नाही. गिऱ्हाईक रोज फोन करत होते आणि मी मनातून आपल्यावर चिडलो होतो, हे आज कबूल करतो.

पहिला दिवस विजेत गेला. ८०० अँपिअरचे मशीन पूर्ण भाराला ५० केव्हीएच्या (वीजभाराचे माप) आसपास ओढते. आमचा मंजूर भार त्याच्या निम्माही नव्हता. भार वाढवून मिळेपर्यंत भाड्याच्या जनरेटरवर काम करायचे, असे आपण ठरवून दिलेत. मशीनच्या बॉडीचे अर्थिंग आणि जॉबला, म्हणजे वेल्डिंग चाललेल्या वस्तूला, लावायची रिटर्न केबल (करंट मशीनकडे परत नेणारी) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इतकी वर्षे रॉडचे वेल्डिंग करूनही ठाऊक नव्हते. आम्ही रिटर्नचा क्लॅम्प टाकी फिरवणाऱ्या रोलरच्या चौकटीला लावला होता. आपण एका रोलरचे बेअरिंग उघडून त्याची रिंग उजेडात धरलीत, तेव्हा आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर काळसर ठिपके ओळीने उमटलेले दिसले. शेकडो अँपिअरचा करंट जॉबमधून बेअरिंगमार्गे परत जात होता आणि प्रत्येक गोळीखाली बारीक ठिणगी उडत होती. आता क्लॅम्प ग्राइंडरने घासून चकचकीत केलेल्या जागी, थेट जॉबवर बसतो. टाकी फिरवायची असेल तेव्हा फिरता अर्थ (जॉब फिरत असतानाही टिकणारा रिटर्नचा जोड) लावतो.

भोकांचे कारण मात्र फ्लक्समध्ये होते. उघडी पोती जमिनीवर आणि बाहेर श्रावणातली हवा! मी मुठीत फ्लक्स दाबून "कोरडा तर आहे" म्हणालो, त्यावर आपण म्हणालात, "भाऊ, हाताले कळलं असतं तं भट्टी कायले बनवली असती?" ओलाव्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो, त्याने भोके तर पडतातच, शिवाय जाड प्लेटला थंड झाल्यावर तडाही जाऊ शकतो. तेव्हापासून पोत्यावर छापलेल्या तापमानाला, म्हणजे आमच्या फ्लक्ससाठी ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला, पातळ थर पसरून २ तास भाजल्याशिवाय फ्लक्स हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या फ्लक्सच्या डब्यात, जात नाही. सीमवरून परत गोळा केलेला फ्लक्स चाळून, त्यातून चुंबक फिरवून मगच वापरतो.

सेटिंग आपण वहीत लिहून दिलेत. वितळून जोड भरणारी ४ मिमीची वायर डीसी पॉझिटिव्हवर (मशीनच्या धन टोकाला), टिपेच्या, म्हणजे वायर जिथून निघते त्या तोंडाच्या, बाहेर साधारण ३० मिमी. पहिल्या बाजूला ४५०, दुसऱ्या बाजूला ५५० अँपिअर, ३२ व्होल्ट. दोन प्लेटांमधली फट १ मिमीच्या आत, नाहीतर वितळलेला धातू खाली गळतो. सीमच्या दोन्ही टोकांना त्याच जाडीचे तुकडे जोडायचे, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांतले दोष टाकीवर न राहता तुकड्यासोबत कापून जातात. जॉबला हात लावण्याआधी नमुना आडवा कापून, घासून, ॲसिड लावून दोन्ही बाजूंचे वेल्ड मध्यभागी एकमेकांत शिरलेले दाखवलेत. तो तुकडा टेबलावर आहे.

या कामात डोळ्यांना आर्कचा लखलखाट दिसत नाही, त्यामुळे पोरे बेफिकीर होतात. फ्लक्सचा थर २५ मिमीपेक्षा फार कमी झाला की आर्क अचानक उघडा पडतो, म्हणून काळा चष्मा डोळ्यांवरच हवा. फ्लक्स ओतताना उडणारी धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क हवा. टाकीच्या आतली सीम ओढताना धूर काढणारा पंखा चालू आणि मॅनहोलवर एक माणूस सतत उभा, हा आपला नियम एकदाही मोडलेला नाही. पण मला सर्वांत जास्त आठवतो तो दारातला खिळा. उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा असतो. टाकी रोलरवर अगदी सावकाश फिरते, त्यामुळे तिच्या जवळ वाकायला कोणाला भीती वाटत नाही. पण लोंबते टोक रोलर आणि टाकीच्या मध्ये सापडले तर माणूस ओढला जातो. आपण स्वतःचा दुपट्टा काढून त्या खिळ्याला टांगलात. आता तिथे रोज सकाळी पाच दुपट्टे असतात.

टाकी पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवली. सकाळी सीमवर एकही थेंब नव्हता. आपण मजुरी घेतली नाहीत, फक्त चहा घेतलात आणि तोही बिनसाखरेचा.

पोळ्यानंतर पुन्हा चक्कर मारतो म्हणाला होतात. ६ मिमीच्या प्लेटचे एक काम आले आहे, त्याला बारीक वायर आणि वेगळे सेटिंग लागेल. आपण येईपर्यंत ते हाती घेत नाही.

आपला नम्र,
एक वर्कशॉपवाला,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा